बहात्तर पायऱ्यांची चक्रवाढ

३ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,

उभ्यानेच नमस्कार. वाकून करायचा तो गुडघा डॉक्टरांनी काढून घेतला, आणि त्याच्या जागी जो बसवलाय त्याची आणि तुझी अजून ओळख व्हायची आहे.

फोनवर मी बोलतो ते तू ऐकत नाहीस आणि तू बोलतेस ते तुझी सगळी इमारत ऐकते, म्हणून हे पत्र. खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई पेटीतून काढून वर आणून देतील अशी आशा आहे.

माझ्याकडे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई येतात. वयाने माझ्या निम्म्या, पण आवाज असा की त्या माझ्या भट्टीवर कामाला असत्या तर पाव भीतीनेच फुगले असते. मी त्यांना हुकूमबाई म्हणतो, अर्थात त्या गेल्यावर. त्यांचा हुकूम एकच. एका दमात जितक्या पायऱ्या चढता येतील तितक्या मोजायच्या आणि दर सोमवारी त्यात दहा टक्के वाढवायचे. कमी नाही, जास्त नाही, आणि मध्ये विसावा घेऊन पुढे चढायलाही मनाई.

पहिल्या दिवशी मोजल्या. आठ झाल्या. पुढच्या सोमवारी आठाचे दहा टक्के काढले, तर शून्य पूर्णांक आठ. म्हणजे आठ पूर्णांक आठ पायऱ्या. आता तूच सांग, शून्य पूर्णांक आठ पायरी माणसाने चढायची कशी? अर्धवट भाजलेला पाव मी चाळीस वर्षांत कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिला नाही, तेव्हा अर्धवट पायरी हिशोबात धरायची माझी तयारी नव्हती. ती सोडली आणि आठच चढलो. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा आठाचे दहा टक्के, पुन्हा शून्य पूर्णांक आठ, पुन्हा आठच. असे चार सोमवार गेले. हुकूमबाई महिन्यातून एकदा येतात. परवा आल्या, जिन्यात उभ्या राहिल्या, मला आठव्या पायरीवर थांबताना बघितलं आणि महिनाभर काय केलंत म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुम्ही सांगितलंत तेच केलं.

त्या जे बोलल्या ते लिहीत नाही. थोडक्यात, अपूर्णांकही कागदावर धरून ठेवायचा, टाकायचा नाही, असं ठरलं. मग मी नीट बसून हिशोब केला. तुझा चौथा मजला, दर मजल्याला अठरा, म्हणजे बहात्तर पायऱ्या. आठ हातात आहेत, चौसष्ट बाकी. आठवड्याला शून्य पूर्णांक आठ वाढल्या तर ऐंशी आठवडे लागतात. दीड वर्षाच्या वर.

आपल्याला भेटून दोन वर्षं होऊन गेली. आधी माझ्या गुडघ्याने संप केला, मग तुझ्या खुब्याचं हाड मोडलं. तुला उतरता येत नाही आणि मला चढता येत नाही. लिफ्ट आहे ती आमच्या इमारतीत, जिथे तू राहत नाहीस. चणे आहेत तर दात नाहीत, म्हणतात ते हेच. असो. दीड वर्षाने येतो. चहा ठेव.

तुझा,
ढब्बू

---

७ फेब्रुवारी

प्रिय ढब्बूस,

अनेक आशीर्वाद आणि एक कानउघाडणी.

सदुसष्टाव्या वर्षी तू गणितात जिथे होतास तिथेच आहेस हे वाचून एका अर्थी बरं वाटलं. म्हणजे गुडघा सोडला तर तुझं बाकी सगळं जुनंच आहे.

हे बघ. दहा टक्के कशाचे, हा प्रश्न तू विचारलाच नाहीस. तू जन्मभर आठाचेच दहा टक्के काढत बसलास, म्हणून तुझे ऐंशी आठवडे झाले. दर सोमवारी तुझ्या हातात जितक्या पायऱ्या असतील तितक्यांचे दहा टक्के काढायचे. पहिल्या सोमवारी आठाचे. दुसऱ्या सोमवारी आठ पूर्णांक आठाचे. तिसऱ्या सोमवारी त्याहून मोठ्या आकड्याचे. वाढलेली पायरी पुढच्या आठवड्यात स्वतः वाढवायला लागते. याला चक्रवाढ म्हणतात. शाळेत शिकवली होती, तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास.

तुला समजेल असं सांगते. तू खमीर पाळायचास. मूठभर खमिरात पीठ आणि पाणी घातलंस की ते वाढायचं, आणि जे वाढलं ते बाजूला बसून राहायचं नाही, तेही फुगवायच्या कामाला लागायचं. म्हणून तर मुठीचं पातेलं आणि पातेल्याची परात व्हायची. पायऱ्यांचं तसंच.

मी औषधांच्या दुकानात पस्तीस वर्षं ग्रॅमचे भाग मोजलेत, तेव्हा माझ्या आकड्यावर विश्वास ठेव. आठापासून दर आठवड्याला दहा टक्के चढत गेलास तर तेवीस आठवड्यांनी एकाहत्तर पूर्णांक सहा होतात. उरलेल्या अर्ध्यामुर्ध्या पायरीला मी वरून हात देईन. परवा सोमवारी आठाने सुरुवात केलीस तर वीस जुलैला तू माझ्या दारात असशील.

आता दुसरी गोष्ट, जी लिहायला मी तीन दिवस लावले. तुझा भाचा दहा ऑगस्टला येतोय. सकाळी येणार, चार माणसं लावून मला खुर्चीसकट खाली उतरवणार आणि दुपारच्या गाडीने कायमची त्याच्याकडे घेऊन जाणार. दोन दिवसांचा प्रवास आहे. तिथे माझ्यासाठी खोली काढलीय, तळमजल्यावर, दाराबाहेर बाग, आणि सगळ्या घरात एकही पायरी नाही. सूनबाईने पडदेसुद्धा शिवलेत म्हणे. एकदा गेले की या वयात परत येणं होत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. ऐंशी आठवड्यांनी आलास तर दार दुसराच कोणीतरी उघडेल.

तेव्हा वीस जुलै. चुकवू नकोस.

तुझी,
ताई

---

१७ मार्च

तीर्थरूप ताईस,

दोन्ही गुडघ्यांचा नमस्कार, जुन्याचा मनापासून आणि नव्याचा शिस्तीत.

बागेची बातमी वाचली. चांगलं झालं. खरंच चांगलं झालं. तुला झाडांची हौस पहिल्यापासून, आणि चौथ्या मजल्याच्या खिडकीत एका कुंडीपलीकडे काय होणार होतं.

आता तुझ्या चक्रवाढीविषयी. पाच आठवडे झाले. काल तेरा पायऱ्या चढलो. माझ्या जुन्या हिशोबाने गेलो असतो तर बारा झाल्या असत्या. म्हणजे तुझी चक्रवाढ, तुझं खमीर, तुझे पस्तीस वर्षांचे ग्रॅम, हे सगळं मिळून मला एक पायरी मिळाली. मी तक्रार करत नाही. फक्त कळवतो.

दुसरं असं की मला संशय आला म्हणून मी तुझा हिशोब पुढे नेऊन बघितला. समोरच्या घरातल्या मुलीकडे परीक्षेचं कॅल्क्युलेटर आहे, ते मागून आणलं. वर्षभर दर आठवड्याला दहा टक्के वाढवले तर मी एका दमात अकराशेहून जास्त पायऱ्या चढेन. दोन वर्षांनी एक लाख एकसष्ट हजार. ताई, त्या पायऱ्या कुठल्या इमारतीत आहेत ते तू शोधून ठेव, म्हणजे मी तिथे भाड्याने खोली बघतो. हुकूमबाईंना हा आकडा दाखवला तर त्या म्हणाल्या, काका, तुम्ही आधी चौदा चढा.

खमिराचं तू सांगितलंस ते बरोबर आहे, पण अर्धंच. मला विचार. पीठ फुगत फुगत जातं आणि एक वेळ अशी येते की आणखी ठेवलं तर मधूनच बसतं. किती बेकऱ्या अशा बसलेल्या पिठावर रडल्यात ते तुला औषधांच्या दुकानात बसून कळायचं नाही. माझा गुडघा तसा मध्येच बसला तर काय करायचं, हे तुझ्या गणितात कुठे येतं?

तेरा पायऱ्या म्हणजे तुझ्याकडे पहिला मजलासुद्धा पुरा होत नाही. तिथे उभा राहून तुला हाक मारली तरी तुला ऐकू जाणार नाही.

तुझा,
ढब्बू

---

२२ मार्च

प्रिय ढब्बूस,

आशीर्वाद, तेराही पायऱ्यांना.

एका पायरीवरून नाक मुरडू नकोस. चक्रवाढ आधी रांगते. पहिले दोन महिने तिच्यात आणि साध्या वाढीत फरक दिसत नाही, आणि नेमकी तिथेच माणसं कंटाळून सोडून देतात. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ना, ती झाली तुझी साधी वाढ. चक्रवाढीत साचलेलं तळंच थेंब टाकायला लागतं. पण त्यासाठी आधी तळ्याएवढं काहीतरी साचावं लागतं, आणि तुझं सध्या डबकं आहे.

एक लाख एकसष्ट हजारांचा विनोद मी शेजारीणबाईंना वाचून दाखवला. त्या हसल्या. मग त्या गेल्यावर मीच विचार करत बसले. कुठलीही वाढ कायम चालत नाही, हे मलाही कळतं. पीठ बसतं, माणसं बसतात. पण आपल्याला लाख नकोयत, ढब्बू. आपल्याला बहात्तर हव्यात. तेवढ्यापर्यंत गुडघा टिकला की पुढे त्याने खुशाल सुट्टी घ्यावी.

मी आवराआवर सुरू केलीय. काचेच्या बरण्या तुझ्यासाठी बाजूला ठेवल्यात, पण त्या मी पाठवणार नाही. येऊन घेऊन जा.

तुझी,
ताई

---

२३ जून

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. तीन महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील. रागाव. मी चढत होतो.

काय झालं ते आधी सांगतो. मार्चभर आठवड्याला एक-दीड पायरी वाढत होती. मे महिन्यात दोन-तीन वाढायला लागल्या. मला वाटलं, हुकूमबाईंनी मला न सांगता टक्के वाढवले. जाब विचारायला गेलो तर त्यांनी माझाच कागद माझ्यापुढे धरला. दहाच टक्के होते. पण आता ते पंचवीस-तीस पायऱ्यांचे दहा टक्के होते. त्या दिवशी जिन्यात मला पहिल्यांदा तुझं खमीर कळलं, आणि हे कबूल करायला मला तीन महिने लागले. शेजारीपाजारी लिफ्टच्या जाळीतून मला बघत वर जातात. आधी हसायचे, आता मोजतात. आठ जूनला चाळीस झाल्या. सतरा आठवडे, चाळीस पायऱ्या. तुझ्या हिशोबाने व्हायच्या तितक्याच.

मग सर्दी झाली. ताप आला. हुकूमबाईंनी चढणं वीस टक्के कमी करायला लावलं, म्हणून पंधरा तारखेला बत्तीसच चढलो. पण घाबरू नकोस. काल ताप उतरला आणि त्यांनी वीस टक्के परत वाढवायला सांगितलं. वीस गेले, वीस आले, फिट्टमफाट. काल जिन्यात एकोणचाळिसाव्या पायरीलाच दम लागला, पण एखादी पायरी इकडेतिकडे व्हायचीच. उशीर झाला तर दोन आठवड्यांचा होईल. तरी तीन ऑगस्टला तुझ्याकडे.

आणि समज, नाहीच जमलं, तर मी एक विचार केला आहे. तू तिकडे जायला आनंदात आहेस हे मला तुझ्या पत्रांवरून दिसतं. बाग आहे, पडदे आहेत. तुझ्या आनंदात मी कशाला दम लागलेला चेहरा घेऊन यावं? दहा तारखेला मी तुझ्या इमारतीखाली येऊन उभा राहीन. टॅक्सीत बसताना मला हात दाखव. तेवढंही पुष्कळ आहे.

तुझा,
ढब्बू

---

२६ जून

ढब्बूस,

फिट्टमफाट काही झालेलं नाही.

चाळिसातून वीस टक्के गेले तेव्हा आठ पायऱ्या गेल्या. परत आले ते बत्तिसाचे वीस टक्के, म्हणजे साडेसहाच्या आतबाहेर. गेले मोठ्या आकड्याचे आणि आले लहान आकड्याचे. चाळिसावी दमामुळे हुकली नाही, चाळिसावी पायरी तुझ्याकडे उरलेलीच नव्हती. शिवाय दोन सोमवार वाढ झालीच नाही, ती वेगळी. सर्दी झाली नसती तर गेल्या सोमवारी तू एकोणपन्नासवर असतास.

आता पुढचं वाच, आणि बसून वाच. आहेस तिथून दहा टक्क्यांनी चढत गेलास तर तीन ऑगस्टला अडुसष्ट होतात. चार कमी. बहात्तर होतात त्या थेट पुढच्या सोमवारी, म्हणजे दहा ऑगस्टला. तू माझ्या दारात पोचशील तेव्हा मी खाली टॅक्सीत असेन. देवाला गणित येतं, आणि विनोदही येतो.

रस्त्यावर हात दाखवायचं तू लिहिलंस. ते वाचून मी पत्र दूर ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत हातात घेतलं नाही. तुला काय वाटलं, मी बागेसाठी हपापलेय? बागेचं मी लिहिलं कारण तू काळजी करू नयेस. तू चांगलं झालं, चांगलं झालं असं दोनदा लिहिलंस तेव्हा मला वाटलं, याला काहीच वाटत नाही. आता कळतंय की आपण दोघंही एकमेकांना बरं वाटावं म्हणून खोटं लिहीत होतो. मला भेटायचंय. सामान चढवताना हात हलवून नाही. माझ्या टेबलाशी तू बसलेला हवास, बशीत चहा सांडणारा, आणि मी तुला त्यावरून बोलणारी. दोन वर्षांत मला धड रागवायला समोर कोणी मिळालेलं नाही.

म्हणून मी दुपारभर आकडे मांडले. शेवटी एक सापडला. दहाच्या जागी अकरा टक्के. फक्त एक टक्का जास्त. एकोणतीस जूनपासून सहा सोमवार अकरा टक्क्यांनी चढलास तर तीन ऑगस्टला बहात्तर पुऱ्या होतात, वर थोडं उरतं. पहिल्या आठवड्यात हा एक टक्का अर्धी पायरीसुद्धा नाही. पण तो सहा आठवड्यांत आपल्या चार पायऱ्या परत आणतो.

हुकूमबाईंना विचार. त्यांनी नाही म्हटलं तर ऐक, गुडघा त्यांच्या ताब्यात आहे. पण विचार नक्की.

ताई

---

३० जून

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. पत्र मिळालं त्याच दिवशी दुपारी बसने हुकूमबाईंच्या दवाखान्यात गेलो. त्यांच्यासमोर तीन पेशंट बसले होते, तिघांचेही गुडघे. माझी पाळी आल्यावर मी एक टक्का मागितला.

त्या आधी हसल्या. एक टक्का म्हणजे माझ्यासाठी किती, तर पायरीचा तिसरा हिस्सा, एवढ्यासाठी तुम्ही बस बदलून आलात का, म्हणाल्या. मी तुझा कागद पुढे केला. त्यांनी फोनवर आकडे मारून बघितले, एकदा, मग दुसऱ्यांदा. मग फोन खाली ठेवला. त्यांनी विचारलं, तीन ऑगस्टला काय आहे? मी सांगितलं.

शेवटी म्हणाल्या, "काका, अकरा. पण गुडघा सुजला तर त्याच पायरीवर थांबायचं, मग ती अडुसष्टावी असो नाहीतर एकाहत्तरावी."

मी हो म्हटलं. थांबेन की नाही ते मला माहीत नाही.

ताई, काहीच वाटत नाही असं तुला वाटलं, हे वाचून मला लाज वाटली. बेकरी विकली तेव्हा मी रडलो नव्हतो. तू जाणार हे वाचलं त्या दिवशी मी पीठ नसलेल्या पाटावर अर्धा तास हात फिरवत बसलो होतो. हे लिहायला हवं होतं. चांगलं झालं असं लिहून बसलो.

काल त्रेचाळीस झाल्या. गुडघा ठीक.

तुझा,
ढब्बू

---

२७ जुलै

ताई,

आज पासष्ट. पुढच्या सोमवारी सकाळी दार उघडंच ठेव. मी बेल वाजवणार, तू ऐकणार नाहीस, आणि त्र्याहत्तरावी पायरी माझ्याकडे नाही.

ढब्बू

---

३० जुलै

दार उघडं असेल.

ताई

---

६ ऑगस्ट

चिरंजीव बाळास,

अनेक आशीर्वाद. तुझ्या मामाबद्दल हे पत्र आहे, तेव्हा सावकाश वाच.

सोमवारी तो आला. मी दारात खुर्ची टाकून सकाळपासून बसले होते. मला पावलं ऐकू येत नाहीत, पण कठडा हलला की दिसतो, आणि तो हलत होता. मग टक्कल दिसलं. मग कपाळ. शेवटच्या पायरीवर तो उभा राहिला, पावाची पिशवी छातीशी धरून. काही बोलला असेल तरी मला ऐकू आलं नाही. मी त्याला धरलं की त्याने मला, ते आता सांगता येणार नाही. दोघांचंही धरण्यासारखं काही भक्कम राहिलेलं नाही. बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो. अर्ध्या तासाने बशीत चहा सांडल्यावरून आमचं भांडण झालं आणि मला दोन वर्षांत पहिल्यांदा भूक लागली.

संध्याकाळी तो निघाला आणि घोडं अडलं. पहिल्या पायरीवर पाय खाली टाकला, गुडघा लटकन वाकला, आणि कठडा नसता तर तो वेगळ्याच वेगाने खाली गेला असता. मग उलगडा झाला. सात महिने हा माणूस रोज जिना चढला, आणि रोज लिफ्टने खाली उतरला. उतरायचा सराव एकाही पायरीचा नाही. हुकूमबाईंनी कधी विचारलं नाही, कारण चढलेला माणूस उतरतोच असं त्यांना वाटलं. मी सहा महिने इतके आकडे मांडले, पण माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या सगळ्या हिशोबात तो माझ्या दारापर्यंतच येत होता. त्याच्या पुढचं मला काही नकोच होतं बहुतेक.

त्यामुळे तो इथेच आहे. बाहेरच्या खोलीत झोपतो, सकाळी माझ्या आधी उठून कणीक मळतो, आणि माझ्या ओव्हनला नावं ठेवतो. शेजारीणबाईंनी त्याचे कपडे आणून दिले.

आता हिशोब. मी हुकूमबाईंना चिठ्ठी पाठवून विचारलं. त्यांचं म्हणणं, उतरतानाही तोच नियम, जितकं जमेल तितक्याने सुरुवात आणि दर आठवड्याला दहा टक्के. आज त्याला आठ जमतात. म्हणजे बहात्तर पायऱ्या उतरायला तेवीस आठवडे. जानेवारीच्या मध्यावर तो रस्त्यावर पोचेल. या अवस्थेत त्याला चौथ्या मजल्यावर एकटं सोडून मी बागेत जाऊन बसणं बरं दिसत नाही. शेजारीणबाईंनी काल फोनवर तुला निघू नकोस एवढंच सांगितलं, त्याचं कारण हे. तेव्हा दहा तारखेचं तुझं आणि माझं तिकीट पुढे ढकल. सूनबाईला सांग, पडद्यांना ऊन लागू देऊ नकोस.

बाळा, आकडे मी तीनदा तपासलेत, ते बरोबर आहेत. पण तू माझा मुलगा आहेस, तुला अर्धं खरं सांगणार नाही. हिशोब नसता तरी मी दुसरं काहीतरी काढलं असतं. मला तुझ्याकडे यायचंय, फक्त एवढ्यात नाही. एकमेकांच्या समोर बसून भांडायची संधी आम्हाला पुन्हा मिळेल असं मला वाटलं नव्हतं. ती मिळाली आहे, तर मला ती पुरवून वापरायची आहे.

तुझी,
आई

ता. क.

भाच्या, हे मी लिहितोय. ताईने पत्र पाकिटात घालून माझ्याकडे चिकटवायला दिलं आणि दुपारची झोपायला गेली. मी वाचलं, त्याबद्दल रागावू नकोस.

बेकरीत माळ्यावर पिठाची पोती असायची आणि तिथे जायला उभी शिडी होती. ती मी चाळीस वर्षं उलटा उतरलो, तोंड शिडीकडे आणि पाठ भट्टीकडे. काल ताई झोपली असताना सहज म्हणून जिन्यात तसं करून बघितलं. गुडघा हूं की चूं करत नाही.

हे तिला कळवू नकोस. तेवीस आठवड्यांचा हिशोब तिने फार मेहनतीने मांडलाय, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या गणितात चूक काढणार नाही. तिकीट पुढे ढकल.

शेजारीणबाई आज सकाळी मुलीकडे राहायला गेल्या, पत्र खाली नेणारं दुसरं कोणी नाही. टपालपेटी रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे. तेव्हा हे पत्र तुझ्या हातात पडलं असेल, तर ते तिथपर्यंत कोणी नेलं आणि ताई उठायच्या आत परत वर कोण आलं, ते तू ओळखलं असशीलच.

तुझा,
मामा